फोटोखालची ओळ

दर वर्षी पंधरा ऑक्टोबरच्या आसपास आमच्या फॅमिली ग्रुपवर एका विमानाचा जुना फोटो येतो. कृष्णधवल, आणि इतक्यांदा फॉरवर्ड झालेला की आकाशात चौकोन दिसतात. मोकळं मैदान, छत्रीसारखा वर पंख असलेलं छोटं विमान आणि त्याच्या दाराशी पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस. खाली ओळ : ‘१५ ऑक्टोबर १९३२. जे.आर.डी. टाटा कराचीहून मुंबईला. भारतातलं पहिलं हवाई टपाल!’ मग जोडलेले हात, तिरंगे, आणि कुठल्यातरी काकांचं ‘अशी माणसं आता होणे नाही’.

मागच्या वर्षी या परंपरेत मी भर घातली. रात्री जेवणं झाल्यावर तो फोटो एका ॲपमध्ये टाकला. दहा सेकंदांत गवत हिरवं झालं, विमान निळं झालं, अंगठ्याच्या नखाएवढ्या चेहऱ्याला नाकडोळे आले. ग्रुपवर टाकल्यावर भरपूर कौतुक झालं. ‘इंजिनियर आहे बाप्पा आपला पोरगा,’ असंही कुणीतरी लिहिलं.

तीन आठवड्यांनी तोच फोटो माझ्या कॉलेजच्या ग्रुपवरून मला परत आला. माझ्याच निळ्या रंगात. खालची ओळ होतीच, आता वरही एक ओळ चिकटली होती : ‘अतिदुर्मिळ! मूळ रंगीत छायाचित्र.’

आधी मी हसलो. मग लक्षात आलं की यातलं ‘मूळ’ काहीही नाही हे जगात नक्की ठाऊक असलेला माणूस फक्त मीच आहे.

मराठीत या प्रकाराला जुना शब्द आहे : क्षेपक. मूळ ग्रंथात मागाहून कुणीतरी घुसवलेली ओवी. बहुतेक वेळा घुसवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला वाटतं, इथे अर्थ जरा अधुरा आहे, आपण पूर्ण करू. अशा भरीमुळे आणि नकलांतल्या चुकांमुळे ज्ञानेश्वरीची संहिता इतकी बिघडली होती की एकनाथांना शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध करायला बसावं लागलं. आपण साहित्याच्या बाबतीत हे सगळं मानतो. कवितेची एक ओळ चुकीच्या कवीच्या नावावर फिरली की चार जण धावून येतात. फोटोच्या बाबतीत मात्र खालची ओळ हीच संहिता समजतो आणि वरचं चित्र तिची सजावट. माझं म्हणणं उलट आहे. फोटो हा मजकूर आहे, तो वाचता येतो, आणि खालची ओळ ही त्यावरची पहिली टीका आहे. टीका चूक असू शकते.

म्हणून मी तो फोटो वाचायला बसलो. आधी माझा निळा अवतार बाजूला ठेवला आणि ग्रुपवर खूप मागे जाऊन त्यातल्या त्यात कमी झिजलेली प्रत शोधली.

*

पहिला नियम असा केला की नाव शेवटी. आधी फक्त दिसतंय ते लिहायचं. एकच पंख, वर. बंद केबिन. एकच इंजिन, पुढे. चाकं पोटात न जाणारी. पंखाखाली अक्षरं, त्यातलं ‘व्हीटी’ लागतं आणि पुढे धूर. (माझ्या ॲपने याच धुराची झकास टोकदार अक्षरं करून दिली होती, फक्त ती कुठल्याच लिपीतली नव्हती.)

‘एकच पंख’ एवढ्यावरच काही फॉरवर्ड बाद होतात. कारण याच फोटोखाली कधीकधी ‘जिप्सी मॉथ’ लिहिलेलं असतं. डी हॅविलँड या ब्रिटिश कंपनीचं जिप्सी मॉथ हे दोन मजली पंखांचं, उघड्या खोबणीचं विमान. जे.आर.डी. ते चालवत होतेच. आगाखानांनी इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने उडणाऱ्या भारतीयाला पाचशे पौंडांचं बक्षीस लावलं, तेव्हा १९३०मध्ये जे.आर.डी. कराचीहून निघाले आणि ॲस्पी इंजिनियर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. ॲस्पींना स्पार्क प्लग हवे होते, ते जे.आर.डीं.नी आपल्याजवळचे दिले. शर्यत ॲस्पींनी थोडक्या तासांनी जिंकली. पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. गोष्ट इतकी छान आहे की ती कुठल्याही विमानाखाली चिकटवावीशी वाटते. पण आपल्या फोटोतल्या विमानाला एकच पंख आहे.

मग पुढचा, अगदी सरळ उमेदवार : पस मॉथ. त्याच कंपनीचं, १९२९मध्ये पहिल्यांदा उडालेलं, बंद केबिनचं, वर पंख असलेलं विमान. १५ ऑक्टोबर १९३२ला अठ्ठावीस वर्षांचे जे.आर.डी. कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून अहमदाबादमार्गे जुहूला आले ते पस मॉथमधूनच. त्याची नोंदणी व्हीटी-एडीएन. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. सगळं जुळतंय. मी गूगलवर फोटो टाकून शोधलं तर पन्नास ठिकाणी तेच : पस मॉथ, १९३२.

इथे एक गोष्ट माझ्या धंद्यातली आहे म्हणून सांगतो. असा शोध चित्र ‘ओळखत’ नाही. त्याच्यासारखी चित्रं शोधतो आणि त्यांच्या आजूबाजूला काय लिहिलंय ते आपल्यापुढे ठेवतो. पन्नास ठिकाणी तेच लिहिलंय म्हणजे पन्नास साक्षीदार आहेत असं नाही. एकाच चुकीच्या पन्नास नकला असू शकतात. पोथ्यांच्या बाबतीत पाठचिकित्सा करणाऱ्यांना हे केव्हाच कळलं होतं : प्रती मोजायच्या नसतात, त्या एकमेकींतून कशा उतरल्या ते पाहायचं असतं.

*

मी ‘पस मॉथ, पक्कं’ असं ग्रुपवर लिहिणारच होतो. अडवलं आबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी.

आबा आरएमएसमध्ये होते, रेल्वेच्या टपालात. नागपूरच्या जुन्या लोकांना रात्रीच्या विमानटपालाची गोष्ट माहीत असते. १९४९पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशी चारही दिशांची विमानं मध्यरात्री सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र यायची, आपापसांत थैले बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. १९७३पर्यंत हे चाललं. देशाच्या मधोमध असण्याचा नागपूरला झालेला हा बहुधा सगळ्यांत सुंदर उपयोग. आबांनी ते थैले मोजलेले आहेत. त्यांनी मोबाइल हातभर लांब धरून फोटो पाहिला आणि विचारलं, “यात डाक कुठे आहे?”

“आत असेल.”

“आत असेल तर हा हार कोणासाठी? डाक उतरवायच्या आधी हार घालतात का रे? आम्हाला तर कोणी पाणी नाही विचारलं.”

हा काही पुरावा नाही. १९३२लाही स्वागत झालं असेल, थैले फ्रेमच्या बाहेर असतील. फोटोत एखादी गोष्ट नाही यावरून फार काही सिद्ध होत नाही. पण प्रश्न बरोबर होता. मी खालची ओळ वाचून फोटो पाहत होतो, आणि ते फोटोत चाललेलं काम पाहत होते. त्यांना तिथे कामाचा दिवस दिसत नव्हता, समारंभ दिसत होता. मी परत पंखाकडे वळलो.

विमान तिरपं उभं आहे, नाक किंचित डावीकडे. एक पंख कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे आलाय. आता पस मॉथचा पंख म्हणजे फळी. मुळापासून जवळजवळ टोकापर्यंत सारख्याच रुंदीची, फक्त शेवटी गोलाई. अशी फळी आपल्याकडे रोखून धरली तर जवळचं टोक मोठं दिसायला हवं, रस्त्याच्या अगदी उलट. रस्ता दूर जाताना निमुळता होतो, जवळ येताना रुंदावतो. फोटोत मात्र जवळ येणारा पंख टोकाकडे अरुंद होत जातोय, आणि तेही अगदी शेवटी नाही, बऱ्याच आधीपासून. डोळ्यांनी जे मोठं करून दाखवायला हवं ते लहान दिसतंय. म्हणजे पंख मुळातच निमुळता आहे.

वर पंख, बंद केबिन, आणि निमुळता पंख. डी हॅविलँडच्या घराण्यात हे वर्णन पस मॉथच्या धाकट्या भावाचं आहे : लेपर्ड मॉथ. पस मॉथचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, याचा प्लायवूडचा. त्यामुळे वजन कमी. पुढे वैमानिक, मागे शेजारी शेजारी दोन जागा. दिसायला दोघं इतके सारखे की दुरून कुणीही फसावं.

पण लेपर्ड मॉथ पहिल्यांदा उडालं २७ मे १९३३ला.

या एका तारखेपाशी मी बराच वेळ थांबलो. १५ ऑक्टोबर १९३२ला हे विमान जगातच नव्हतं. बाकी काहीही असो, हा फोटो त्या दिवसाचा नाही. ‘आहे’ म्हणायला खूप पुरावा लागतो, ‘नाही’ म्हणायला कधीकधी एक पंख पुरतो.

आणि या धाकट्याची आणखी एक गंमत. इंग्लंडमध्ये किंग्ज कप नावाची विमानांची मोठी शर्यत होत असे. जन्मल्यावर दीड महिन्याच्या आत, जुलै १९३३मध्ये, लेपर्ड मॉथ ती शर्यत जिंकलं, आणि चालवत होते खुद्द जेफ्री डी हॅविलँड, कंपनीचे मालक. सरासरी वेग ताशी १३९.५ मैल. ज्याला आपण वर्षानुवर्षं बिचारं टपालवाहू समजून हात जोडत होतो, त्याचा वंश शर्यतवाल्यांचा निघाला.

*

आता माझ्या निळ्या रंगाचा हिशोब.

रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात : लाल, हिरवा, निळा. कृष्णधवलात एकच, उजेड किती एवढाच. तीनाचा एक करता येतो. एकाचे परत तीन करता येत नाहीत, कारण वेगवेगळे हजारो रंग एकाच करड्यावर येऊन बसलेले असतात. ॲपला हे येतं असं आपल्याला वाटतं, कारण त्याने लाखो फोटो पाहिलेले असतात आणि त्यावरून ते ‘अशा ठिकाणी साधारण काय असतं’ ते भरतं. गवत हिरवं असतंच, म्हणून तिथे ते बरोबर येतं. विमान कुठल्याही रंगाचं असू शकतं, तिथे ते नुसतं आत्मविश्वासाने बोलतं.

जुन्या फिल्मबद्दल तर आणखी एक अडचण आहे, आणि ती समजायला आपल्याच जुन्या प्रांतात घडलेली एक गोष्ट उपयोगी पडते.

ऑक्टोबर १९३४मध्ये इंग्लंडच्या मिल्डेनहॉलहून ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नपर्यंत विमानांची प्रचंड शर्यत झाली, मॅकरॉबर्टसन रेस. बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर, डार्विन आणि शार्लव्हिल इथे उतरणं सक्तीचं. या शर्यतीसाठीच डी हॅविलँडने कॉमेट नावाचं खास विमान बनवलं : लाकडी, दोन इंजिनांचं, लांब नाकाचं, चाकं आत ओढून घेणारं. शर्यतीत तीन कॉमेट उतरली. लाल रंगाचं ‘ग्रॉव्हनर हाउस’, काळं-सोनेरी ‘ब्लॅक मॅजिक’, आणि एक हिरवं, ज्याला नावच नव्हतं.

काळ्या विमानात जिम मॉलिसन आणि एमी जॉन्सन हे नवरा-बायको होते. एमी त्या काळातली जगभर गाजलेली वैमानिक. कराचीपर्यंत ते सगळ्यांच्या पुढे होते. तिथून अलाहाबादला जाताना वाट चुकली आणि ते उतरले जबलपूरला. तेव्हा जबलपूर मध्य प्रांतात होतं, आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. जबलपुरात विमानाचं पेट्रोल मिळेना. मिळालं ते बस कंपनीचं. शर्यतीच्या इंजिनाला बसचं पेट्रोल पाजून मॉलिसन दांपत्य अलाहाबादला पोचलं खरं, पण इंजिन जळून गेलं आणि त्यांची शर्यत तिथेच संपली. लाल कॉमेटने साधारण एकाहत्तर तासांत मेलबर्न गाठून शर्यत जिंकली. हिरवं कॉमेटही पोचलं, आणि दुसऱ्याच दिवशी शर्यतीच्या चित्रीकरणाची रिळं घेऊन परत इंग्लंडला निघालं.

समजा, अलाहाबादच्या मैदानावर उभ्या असलेल्या एका कॉमेटचा फोटो तुमच्या हाती आला. विमान काळं दिसतंय. तुम्ही म्हणाल, ब्लॅक मॅजिक, झालं. इथेच फसगत आहे. तेव्हा सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा तो याच कारणाने. अशा फिल्मवर भडक लाल विमान जवळजवळ काळं उमटतं. म्हणजे जिंकलेलं विमान आणि बसचं पेट्रोल पिऊन हरलेलं विमान फोटोत एकाच रंगाची होऊ शकतात.

मग ओळखायचं कशावरून? रंग सोडून द्यायचा आणि शेपटीजवळचा शर्यतीचा क्रमांक वाचायचा. ३४ असेल तर ग्रॉव्हनर हाउस, ६३ असेल तर ब्लॅक मॅजिक, १९ असेल तर ते हिरवं बिननावी. क्रमांक झाकलेला असेल तर ‘तीनपैकी एक कॉमेट’ एवढंच लिहून थांबायचं. हे थांबणं हाच समीक्षेतला सर्वांत अवघड भाग आहे असं मला आता वाटतं. फॉरवर्ड करणाऱ्याला थांबता येत नाही. माझ्या ॲपलाही थांबता येत नव्हतं. ‘इथला रंग मला कळत नाही’ असं म्हणायचं बटणच त्यात नाही. ते बटण न ठेवणारी माणसं माझ्याच व्यवसायातली आहेत, आणि त्यात मीही येतो.

*

विमानाच्या रंगाची चूक तशी निरुपद्रवी होती. खरी चूक मला शेवटी सापडली.

कमी झिजलेल्या प्रतीत विमानाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर पांढरं काहीतरी आहे. मी ते पहिल्यापासून टोपी समजत होतो. माझ्या निळ्या प्रतीत तिथे काळेभोर केस आहेत. ॲपने चेहरा ‘सुधारला’ होता. सुरकुत्यांना त्याने फिल्मवरचे ओरखडे मानलं, गाल गुळगुळीत केले, आणि डोक्यावरचा पांढरा भाग काळा केला.

ती टोपी नव्हती. ते केस होते.

पस मॉथच्या पहिल्या उड्डाणाची आठवण म्हणून जे.आर.डीं.नी कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला होता, एकदा १९६२मध्ये आणि नंतर १५ ऑक्टोबर १९८२ला, बरोबर पन्नास वर्षांनी. १९८२ला ते उडाले लेपर्ड मॉथमधून. तेव्हा त्यांचं वय होतं अठ्ठ्याहत्तर. आपला फोटो १९३२चा नाही हे नक्की. तो एखाद्या स्मृतिउड्डाणाचा असावा, आणि केस पाहता माझा कौल १९८२ला. हे मी ‘असावा’ असंच लिहितो. हार त्याच्याशी जुळतो, थैले नसणं जुळतं, निमुळता पंख जुळतो.

आता दोन्ही वाचनं शेजारी ठेवून पाहा. खालच्या ओळीप्रमाणे फोटोत आहे एक अठ्ठावीस वर्षांचा श्रीमंत तरुण, जो पहिल्यांदा काहीतरी करतोय. आपण ते पाहून ‘अशी माणसं आता होणे नाही’ म्हणतो आणि पुढे सरकतो. फोटो नीट वाचला तर त्यात आहे एक म्हातारा माणूस. ज्या टपालसेवेतून एअर इंडिया झाली, ती १९५३मध्ये सरकारने घेतली. १९७८मध्ये तिच्या अध्यक्षपदावरून त्याला दूर केलं गेलं. तरीही अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो एका इंजिनाच्या, अर्ध्या शतकाच्या लाकडी विमानात बसतो आणि तीच वाट परत उडून येतो. तरुण लोक निराश झालेत, त्यांना थोडी उमेद यावी म्हणून हे केलं, अशा अर्थाचं ते तेव्हा बोलले होते. चुकीच्या ओळीने त्या फोटोचं वय पन्नास वर्षांनी वाढवलं आणि माणसाचं तेवढंच कमी केलं. आणि उरलीसुरली खूण, पांढरे केस, मी माझ्या हाताने पुसली.

त्या ओळीत अजूनही एक चूक आहे. ‘भारतातलं पहिलं हवाई टपाल’ हेही खरं नाही. १८ फेब्रुवारी १९११ला आंरी पेके नावाचा फ्रेंच वैमानिक अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रं घेऊन उडाला होता. विमानाने टपाल नेण्याची ती जगातलीच पहिली अधिकृत वेळ. १९३२ची थोरवी वेगळी आहे : त्या दिवशी सुरू झालेली सेवा दुसऱ्या आठवड्यातही चालली, आणि नंतरही. ‘पहिलं’ या शब्दाचं आपल्याला इतकं वेड आहे की ‘नियमित’ या शब्दातलं मोठेपण दिसत नाही. आबांना ते दिसतं. सोनेगावला रोज रात्री, न चुकता, या गोष्टीचा त्यांना अभिमान आहे. पहिल्या रात्री काय झालं हे त्यांना माहीतही नाही.

मी हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी पुन्हा मोबाइल हातभर लांब धरला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “अठ्ठ्याहत्तर? म्हणजे माझ्याहून पाच वर्षांनी लहान.” आणि जरा वेळाने, “केस बरे होते त्यांचे.”

ग्रुपवर मी दुरुस्ती टाकली. तिला सात अंगठे आले, निळ्या फोटोला एकेचाळीस आले होते. तो अजून फिरतोय, काळ्या केसांसह. तुमच्याकडे आला तर खालची ओळ क्षणभर बोटाने झाका आणि जवळ येणाऱ्या पंखाकडे बघा.